वाचक विचारतात : बोटीवरचा गिझर गेला, आता पाणी कशावर तापवू?

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही दोघं आणि साडेतीन वर्षांची मुलगी गेल्या वर्षापासून लंडनच्या वायव्येला कालव्यावर नॅरोबोटीत (कालव्यासाठी बांधलेली लांब, अरुंद बोट) राहतो. घरभाड्याला कंटाळून बोट घेतली. ५७ फुटी, १९९८ची. मरीनात, म्हणजे बोटींच्या कायमच्या तळावर, जागा परवडत नाही, म्हणून दर चौदा दिवसांनी बोट हलवतो. सध्या आल्पर्टनला आहोत (किराणा हाताशी, त्यामुळे आमचा मुक्काम इथे जरा लांबतोच). गेल्या महिन्यात गॅसचं काम करणारे इंजिनिअर आले होते. त्यांनी बाथरूमबाहेरच्या भिंतीवरचा आमचा जुना गॅस गिझर चालू केला आणि धुराची काडी त्याच्या वरच्या झाकणाशी धरली. धूर चिमणीत न जाता आमच्याच तोंडावर आला. त्यांनी गॅस बंद केला, ‘वापरू नका’ असं लेबल चिकटवलं आणि गेले. आता नवरा म्हणतो, सगळा गॅसच काढून टाकू : गिझर, गॅसवरचा फ्रिज, शेगडी, सगळं. इलेक्ट्रिक शॉवर आणि इंडक्शन बसवू. छतावर ४०० वॉटची पॅनेलं आहेत, ३०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे, २ किलोवॉटचा इन्व्हर्टर आहे. जमेल का? दिवाळीला सातारहून सासूबाई येतायत, त्यांना गार पाण्याने अभ्यंगस्नान घडवणार नाही मी!
— एक वाचक, आल्पर्टन

उत्तर : त्या इंजिनिअरला पुन्हा बोलवाल तेव्हा चहाबरोबर खायलाही काहीतरी द्या. त्या माणसाने तुमच्या घरावर उपकार केलेत.

तुमचा गिझर जुन्या पद्धतीचा, म्हणजे जळायला लागणारी हवा तुमच्या खोलीतूनच घेणारा आणि जळका वायू छतावरच्या आखूड नळकांड्यातून सोडणारा. ‘आखूड’ हा शब्द इथे महत्त्वाचा. घराची चिमणी दोन मजले उंच असते, तिला स्वतःची ओढ असते. बोटीवर हातभर नळकांडं. बाहेर थंडी म्हणून खिडक्या बंद, पुढच्या खोलीत कोळशाची शेगडी हवा ओढतेय, त्यात कुणी बाथरूमचा पंखा लावला, की पंख्याला हवा हवी आणि तिला आत यायला सगळ्यांत सोपी वाट म्हणजे तेच नळकांडं. मग धूर उलटा फिरतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेली माणसं बाहेर न आल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. तुमची बाथरूम त्यांच्याहून लहान, आणि झोपायची खोली दहा फुटांवर.

म्हणून गिझर काढायचा, यात वाद नाही. नवरोजींच्या बाकीच्या बेतावर मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. गॅस जरूर काढा, पण एका क्रमाने. आधी फ्रिजचा, मग पाण्याचा, आणि स्वयंपाकाचा सगळ्यात शेवटी. काढलाच नाही तरी मी काही म्हणणार नाही.

आधी हिशेब करू. मी मालवणचा, पंचवीस वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, आता इथे इंग्लंडात बोटीवरच राहतो. मला आकडे मांडल्याशिवाय झोप येत नाही.

इथले इलेक्ट्रिक शॉवर साडेआठ किलोवॉटच्या आसपासचे असतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढी वीज ओढायची तर ७०० अँपिअर. तुमचा इन्व्हर्टर २ किलोवॉटचा, म्हणजे चौपटीहून जास्त मागणी. आणि मरीनात जागा मिळाली असती तरी जमलं नसतं, कारण तिथल्या विजेच्या खांबावर साधारण १६ अँपिअरची जोडणी मिळते, म्हणजे जेमतेम पावणेचार किलोवॉट. तेव्हा इलेक्ट्रिक शॉवर हा शब्द घरात पुन्हा काढू नका.

टाकीत हळूहळू तापवलं तर? ५५ लिटर पाणी १० अंशांवरून ६० वर न्यायला ३.२ युनिट लागतात. तुमची बॅटरी पूर्ण भरलेली असली, तरी तिच्यात ३.८ युनिट. म्हणजे एकदा टाकी तापवली की दिवे, पंप, फ्रिज, फोन, सगळ्यांनी आकाशाकडे बघत बसायचं. आणि आकाशातून काय मिळणार? छतावर आडव्या ठेवलेल्या ४०० वॉटच्या पॅनेलांतून जूनमधल्या चांगल्या दिवशी दीड-दोन युनिट येतील. डिसेंबरात पाव युनिटसुद्धा मुश्किलीने. सासूबाई जूनमध्ये येणार असत्या तर गोष्ट वेगळी होती.

गॅसचं काय? एक किलो प्रोपेनमध्ये सुमारे १३ युनिट उष्णता. तुम्ही घेता तो तांबडा १३ किलोचा सिलिंडर. शॉवरखाली पाच मिनिटं, मिनिटाला सहा लिटर, म्हणजे ३० लिटर पाणी ४० अंशांचं करायला, गिझरमध्ये वाया जाणारी उष्णता धरून, शंभर ग्रॅम गॅस जातो. सिलिंडरमागे सव्वाशे-एकशेतीस आंघोळी. तिघांच्या रोजच्या आंघोळी धरल्या तर सव्वा-दीड महिना. हे वाईट नाही, आणि म्हणूनच इतकी वर्षं बोटींवर हेच गिझर चालले.

पण तुमच्याकडे याहून स्वस्त उष्णता आहे, आणि ती तुम्ही रोज कालव्यात सोडताय.

ती म्हणजे इंजिनाची. डिझेल इंजिन जेवढं तेल पितं त्यातली साधारण पाव ते एक तृतीयांश उष्णता थंड ठेवणाऱ्या पाण्यात जाते. नॅरोबोटीवर ते पाणी बोटीच्या पत्र्याला आतून चिकटलेल्या चपट्या टाकीतून फिरतं आणि पत्र्यामार्फत कालवा तापवतं. बदकांची सोय होते, तुमची नाही. बोट चालताना इंजिन तासाला लिटर-सव्वा लिटर तेल खातं. त्यातली जी उष्णता वाया जाते ती तीन-चार युनिट. वरचा आकडा आठवतोय ना, टाकी तापवायला ३.२? देवाने हिशेब जुळवून ठेवलाय.

त्यासाठी जी वस्तू लागते तिला इथे कॅलॉरिफायर म्हणतात. नाव भारदस्त, वस्तू साधी : भरपूर वेष्टण घातलेली गरम पाण्याची टाकी आणि पोटात तांब्याच्या नळीचं वेटोळं. इंजिनाचं गरम पाणी वेटोळ्यातून फिरतं, आंघोळीचं पाणी बाहेरून तापतं, दोघं एकमेकांत मिसळत नाहीत. तुम्ही दोन वेटोळ्यांची टाकी घ्या, ५५ लिटरची, इमर्शन रॉडला तोंड असलेली. पहिलं वेटोळं इंजिनाचं. दुसरं आज रिकामं राहिलं तरी चालेल, त्याचं पुढे सांगतो. रॉड १ किलोवॉटचा पुरे. उन्हाळ्यात दुपारी बॅटरी भरली की जास्तीची वीज त्यात घाला, पाणी फुकट तापेल. कधी मरीनात राहिलात तर तिथेही कामाला येईल. नॅरोबोटीत टाकी इंजिनाच्या जवळ, मागच्या बाजूला बसते. नळ्या जेवढ्या लांब, तेवढी उष्णता वाटेत सांडते.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं वाटेल. मी शिकलो ते फजिती करून घेऊन.

आम्ही बोट घेतली २००९ साली. आमच्याकडेही भिंतीवरचा गॅस गिझरच होता, कोणत्या कंपनीचा ते सोडा. डिसेंबर २०१० आला. इथे तेव्हापासून राहणाऱ्यांना तो महिना आठवत असेल. आम्ही ब्रॉन्स्टनजवळ होतो आणि कालवा गोठला. बोट हलेना, सकाळी बर्फावर बदकं चालत. घाटातल्या धुक्याचं कौतुक करणारी माझी बायको तीन दिवसांत कौतुक विसरली. त्यात आम्ही दोन रात्री मित्राकडे राहिलो आणि जाताना गिझरमधलं पाणी काढायला मी विसरलो. जहाजांवर थंडीतल्या नळ्या रिकाम्या करून घेणारा माणूस, स्वतःच्या घरातली विसरला. परत येऊन पंप लावला तर गिझरच्या झाकणाखालून सुईसारखी बारीक धार थेट समोरच्या पुस्तकांच्या फळीवर. आतल्या तांब्याच्या नळीला, जिथे ती पत्र्याच्या पात्यांमधून वळते तिथे, केसाएवढी चीर. बर्फाने फाडलेली.

पुढचे तीन आठवडे कोळशाच्या शेगडीवर मोठं पातेलं. सकाळी उठून आधण ठेवायचं, बादलीत ओतायचं, विसण घालायचं आणि तांब्याने आंघोळ. आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. शॉवरला ३० लिटर लागतात, बादलीला १५. लहानपणापासून हेच केलं आणि बोटीवर येऊन दोन वर्षं शॉवरखाली उभं राहून टाकी रिकामी करत होतो. बोटीवर फक्त ऊन पाणीच नाही, पाणीसुद्धा मोजून असतं.

त्यानंतर मी कॅलॉरिफायर स्वतः बसवला. यात गॅस नाही, त्यामुळे हात घालता येतो. पण दोन चुका केल्या, त्या तुम्ही करू नका. पाणी १० वरून ७० अंशांवर गेलं की फुगतं. ५५ लिटरला ती वाढ सव्वा लिटरच्या आसपास, म्हणजे एक मोठा तांब्या भरून पाणी, आणि त्याला कुठेतरी जागा हवी. मी टाकीच्या गार तोंडाशी एकदिशा व्हॉल्व बसवला नव्हता. ते फुगलेलं गरम पाणी उलटं गार पाण्याच्या नळीत शिरलं. बायको म्हणाली, प्यायच्या नळाला कोमट पाणी येतंय. मी म्हटलं, भास. मग एकदिशा व्हॉल्व लावला, तर आता पाण्याला जायला वाटच उरली नाही. इंजिन तापलं की टाकीचा सुरक्षा व्हॉल्व थेंब थेंब गळायचा, थेट बोटीच्या तळाशी. दोन दिवस मी टॉर्च घेऊन पोटावर पडून बोटीला भोक शोधत होतो. कालव्याचं पाणी असतं तर घाण असतं, हे स्वच्छ कसं, असं बायकोनेच विचारलं. मग कळलं. एक छोटी प्रसरण-टाकी, आत रबरी पडदा आणि पलीकडे हवा, गरम बाजूला जोडली आणि गळती त्या दिवशी थांबली. तेव्हा एकदिशा व्हॉल्व, सुरक्षा व्हॉल्व आणि प्रसरण-टाकी, तिन्ही एकदम घ्या. पैसे वाचवायला दुसऱ्या जागा आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे. इंजिनाचं पाणी ८० अंशांच्या जवळ जातं. टाकीतलंही त्याच वाटेवर. ते सरळ नळाला आलं तर लहान हात एका क्षणात भाजतो. टाकीच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर तापमान राखणारा मिश्रण-व्हॉल्व बसवा. हा व्हॉल्व म्हणजे पितळेत बसवलेली आपली आजी आहे : गरम किती, गार किती ते बघून स्वतः विसण घालते. ४०-४२ वर लावून ठेवा. टाकी मात्र गार ठेवू नका, ६०च्या वर जाऊ द्या, कोमट पाण्याच्या टाकीत जंतू वाढतात.

आणि विसणाचा हिशेब बघा. टाकी ७० वर, गार पाणी १० वर, तर आंघोळीच्या ४० अंशांसाठी निम्मं गरम, निम्मं गार. १५ लिटरच्या बादलीला साडेसात लिटर ऊन पाणी. एका टाकीत कागदावर सात बादल्या, प्रत्यक्षात पाच-सहा धरा, कारण शेवटचं पाणी कोमट येतं. शॉवरने हेच तीन माणसांत संपेल. सासूबाईंना बादली आणि तांब्या द्या. त्यांना तर तेच बरं वाटेल, आणि बोटीवर बाथरूम इतकी अरुंद की तांब्या भिंतीला लागणार नाही एवढं कोपर आवरून घ्यायला सांगा.

रोज तासभर इंजिन चालवणं जमेल का, हे तुम्ही विचारणारच. बॅटरी भरायला हिवाळ्यात ते तसंही चालवावं लागतंय. एकाच तेलात वीज आणि पाणी दोन्ही होऊ द्या. फक्त दुसऱ्या बोटींच्या शेजारी असाल तर रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन बंद, हा कालव्याचा नियम आहे. म्हणजे अभ्यंगाला पहाटे उठणार असाल तर आदल्या संध्याकाळी तापवून ठेवा. चांगल्या वेष्टणाच्या टाकीत पाणी पहाटेपर्यंत बऱ्यापैकी गरम राहतं. ज्या दिवशी बोट हलवता त्या दिवशी तर चैन आहे. तुमच्या कालव्यावर, म्हणजे पॅडिंग्टनच्या फाट्यावर, एकही लॉक (बोट वर-खाली नेणारा दारांचा हौद) नाही, दोन-अडीच तास सलग चाललात की टाकी काठोकाठ गरम. त्या दिवशी मुलीचे केस धुवा, चादरी भिजवा.

दुसऱ्या वेटोळ्याला काय जोडायचं? दोन पर्याय. एक, डिझेलवर चालणारा छोटा हीटर, वेबास्टो किंवा एबरस्पेशरसारखा, ५ किलोवॉटचा. तासाला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त तेल, पाऊण-एक तासात टाकी तापते, रेडिएटर असतील तर घरही. धूर पत्र्यातून थेट बाहेर. पण त्याचे नखरे ऐकून ठेवा. पेटताना आतली कांडी लाल व्हायला भरपूर अँपिअर लागतात, त्यामुळे बॅटरी दमलेली असली की ज्या सकाळी त्याची खरी गरज त्याच सकाळी तो रुसतो. आणि नुसती टाकी तापवायला लावला की ती लवकर तापते, तो सारखा मंदावतो, विझतो, पुन्हा पेटतो. त्यात काजळी धरते. रेडिएटर लावून एकदम पूर्ण जोराने चालवा आणि मग बंद करा.

दुसरा पर्याय कोळशाच्या शेगडीचा. शेगडीच्या पाठीला पाण्याची डबी बसवतात, इकडे तिला बॅक बॉयलर म्हणतात. ज्यांनी कोकणात किंवा देशावर अंगणातला तांब्याचा बंब पाहिलाय त्यांना हे समजावायला नको. मधे निखारे, भोवती पाणी. मला हा प्रकार मनापासून आवडतो. पण तुमच्या बोटीची शेगडी पुढे आणि टाकी मागे असणार, मधे चाळीस फूट. गरम पाणी आपसूक वर चढतं, एवढ्या भरवशावर ते चाळीस फूट आडवं जाणार नाही, पंप लागेल. आणि पंप बंद पडला, शेगडी धगधगतेय, तर डबीतलं पाणी उकळून वाफ होणार. त्याची सुटका कशी करायची हे ज्याला नीट कळतं त्यानेच हे काम करावं. तुम्ही डिझेल हीटरच घ्या. किंवा पहिला हिवाळा दुसरं वेटोळं रिकामंच ठेवून बघा. इंजिन पुरतंय असं कळलं तर पैसे वाचले.

नवा गॅस गिझर घ्यावाच असं वाटलं, तर ‘रूम-सील्ड’ म्हणतात तो घ्या. तो हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो, खोलीशी त्याचा संबंध नसतो. जुन्याच्या जागी जुन्यासारखाच कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर नको म्हणा.

फ्रिजचं दोन ओळींत : गॅसवरचा काढा, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घ्या. चोवीस तास जळणारी छोटी ज्योत घरात ठेवण्यात आता काही अर्थ नाही. जुना फ्रिज किती सुरेख गार करायचा हे सांगणारे शेजारी भेटतील, ऐकून घ्या.

आणि स्वयंपाकाची शेगडी. इंडक्शन चांगलं असतं, माझ्याकडे एका शेगडीचं आहे, उन्हाळ्यात कुकर त्यावर लावतो. पण ते पूर्ण जोरावर लावलं की बॅटरीतून १७०-१८० अँपिअर जातात. बॅटरी ते इन्व्हर्टरची वायर अंगठ्याएवढी जाड नसेल तर ती गरम होते, हात लावून बघा एकदा. शिवाय गोल बुडाची कढई त्यावर बसत नाही, भाकरी विस्तवावर फुगवता येत नाही, आणि भरताचं वांगं कुठे भाजणार? दोन माणसांच्या स्वयंपाकाला आमचा एक सिलिंडर अडीच-तीन महिने जातो. एवढ्याशा गॅससाठी घरातला जाळ कशाला घालवायचा? पण एक लक्षात ठेवा, गॅसच्या शेगडीला नळकांडं नसतं, तिचं सगळं खोलीतच जळतं. तेव्हा दारं-भिंतींतल्या हवेच्या जाळ्या थंडी वाजते म्हणून कापडाने बुजवू नका, आणि ही शेगडी पेटवून खोली गरम करायची कल्पना मनातही आणू नका.

शेवटची गोष्ट कायद्याची. तुम्ही बोटीवर राहता, त्यामुळे गॅसच्या नळीला स्पॅनर लावायचा अधिकार गॅस सेफच्या (इथल्या गॅस कारागिरांच्या अधिकृत नोंदणीच्या) यादीतल्या माणसालाच. त्यातही प्रत्येकाला नाही. त्याचं कार्ड मागा आणि उलटं करून बघा. मागे कोणकोणती कामं करता येतात ते छापलेलं असतं. तिथे एलपीजी आणि बोटी दोन्ही असायला हव्यात. घरांचे बॉयलर बसवणारा मित्र कितीही चांगला असला तरी त्याला जेवायला बोलवा, कामाला नको. गिझर आणि फ्रिज काढून त्यांच्या नळ्या उघड्या ठेवायच्या नाहीत, पार मुळाशी बंद करून गळती तपासून घ्यायची. छतावरचं नळकांड्याचं भोकही बुजवा, नाहीतर पहिल्या पावसात गिझरच्या जागी लावलेलं कपाट भिजेल. आमचं भिजलं होतं.

प्रश्न : मुलगा केनेट-एव्हन कालव्यावर बोटीत राहायला गेलाय. मी पुढच्या महिन्यात रेडिंगला जातेय. तिकडच्या शेगड्या महाग म्हणून इथून दोन बर्नरची नवीकोरी स्टीलची शेगडी, रेग्युलेटर आणि नळी घेऊन जाऊ का? सामानात बसते.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नेऊ नका. सामानात लोणचं न्या.

आपल्याकडचा घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलीबार दाबाचा, इथे प्रोपेनला ३७. सिलिंडरचं तोंडही वेगळं, रेग्युलेटर बसणारच नाही. मग कुणीतरी जुगाड करतो आणि मी असली पत्रं वाचतो. गॅसही वेगळा आहे. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेले असतात. नुसतं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, म्हणून इथे हिवाळ्यात बोटीवर प्रोपेन वापरतात, ते उणे ४२ पर्यंत उकळत राहतं. तुमची शेगडी त्या दाबाला, त्या गॅसला बनवलेली नाही.

आणखी एक. बोटीवर शेगडीच्या प्रत्येक बर्नरला अशी सोय हवी की दूध उतू जाऊन ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद व्हावा. घरात गॅस गळला तर खिडकी उघडतो. हा गॅस हवेहून जड, आणि बोट म्हणजे खालून बंद असलेलं पिंप. तो तळाशी साचतो आणि पंपाच्या एका ठिणगीची वाट बघत बसतो. म्हणून सिलिंडरही आपल्यासारखा ओट्याखाली नसतो. तो बोटीच्या नाकाशी वेगळ्या कप्प्यात, त्या कप्प्याला खाली बाहेर उघडणारी भोकं, गळला तर कालव्यावर जावा म्हणून. मुलाने त्या कप्प्यात दोरखंड आणि बुटं कोंबून ती भोकं बुजवली नाहीत ना, एवढं गेल्यावर बघा. नव्वद टक्के तरुण मुलांनी कोंबलेली असतात, हा माझा अंदाज आहे, पाहणी नव्हे.

प्रश्न : माझा मुलगा लेस्टरजवळ बोटीवर एकटा राहतो. फोनवर म्हणतो सकाळी डोकं दुखतं, ऑफिसात गेल्यावर बरं वाटतं. थंडीमुळे असेल का? रात्री तो कोळशाची शेगडी मंद करून झोपतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : हे पत्र छापायची वाट न बघता तुम्हाला वेगळं उत्तर पाठवलंच आहे. इतरांसाठी इथे देतो.

घरात डोकं दुखतं आणि बाहेर पडलं की उतरतं, ही थंडी समजू नये. हवा कमी मिळाल्याने कोळसा अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि मंद करून ठेवलेली शेगडी, चिमणीत साचलेली काजळी, शेगडीच्या दाराच्या फटी बंद ठेवणारी, आता घासलेली दोरी यांतून तो खोलीत येतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम घातलेला असतो. याला वास नाही, रंग नाही. मुलाने आजच शेगडी विझवावी, खिडक्या उघडाव्यात, डॉक्टरला ‘मी बोटीवर राहतो, शेगडी आहे’ असं स्पष्ट सांगून रक्त तपासून घ्यावं, आणि चिमणी साफ करून, दोरी बदलून, कुणा जाणत्याला दाखवल्याशिवाय ती शेगडी पुन्हा पेटवू नये.

बोटीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असणं १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं आहे, दर चार वर्षांच्या सुरक्षा तपासणीत तो बघतात. पण कित्येक अलार्म पोळ्या करताना वाजतात म्हणून खणात जाऊन पडलेले असतात. वाजणारा अलार्म खोटा असेलच असं नाही, हे लक्षात घ्या. एक शेगडीच्या खोलीत, एक उशाशी, श्वासाच्या उंचीला. घेताना पाकिटावर बीएस ईएन ५०२९१-२ हा आकडा बघायचा, तो बोटींसाठीचा.

तुम्ही सांगलीत बसून एक करू शकता. रविवारी व्हिडिओ कॉल कराल तेव्हा त्याला अलार्मपाशी नेऊन टेस्टचं बटण दाबायला लावा. त्याचा कर्कश आवाज कानावर पडू दे, मग जेवलास का ते विचारा.